दोन हजारात बसून खाणाऱ्यांचा हिशेब

गेले काही दिवस बेळगावात एक मजकूर या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरतोय. मला चौघांनी पाठवला, त्यातले एक तर आमचे पाहुणेच. मजकूर असा: 'रस्त्यात जमिनी गेल्या तेव्हा यांना लाखो मिळाले. बुलेट घेतल्या, मजले चढवले. आता सरकारच्या दोन हजारांवर बसून खातात. कामाला बोलवा, माणूस मिळत नाही.'

आधी कबूल करून टाकतो. बुलेट घेतल्या. माझ्या चुलत्याच्या पोरानं घेतली आणि दीड वर्षात विकलीही. तिचा आवाज साऱ्या गल्लीनं ऐकला, वाटणीचा कागद मात्र कुणी बघितला नाही. आमचे तीस गुंठे उताऱ्यावर आजोबांच्या नावे. चार मुलगे, दोन मुली, म्हणजे सहा हिस्से. पाच-पाच गुंठे. आत्यांना हिस्सा मिळाला याचं मला बरंच वाटतं, पण 'लाखो' म्हणणारे लोक अख्ख्या उताऱ्याचा आकडा एका चुलीवर चढवतात. आमच्या वाट्याच्या पैशातून वडिलांनी सोसायटीचं कर्ज फेडलं, बहिणीचं लग्न केलं, उरलं त्यात घराचं पत्रं बदललं. मजला काही चढला नाही.

आणि गेलं काय तेही बघा. वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरचं शिवार. पावसाळ्यात बासमती, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. हलगा-मच्छे बायपाससाठी 2021 साली पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात जेसीबी घातले ते असल्याच जमिनीत. या जमिनीवर एकटा मालक जगत नव्हता. भांगलणीच्या बायका होत्या, कापणी-मळणीचे गडी होते, वाट्यानं करणारे होते. कर्नाटकात 1974 च्या कायद्यानं कूळ कागदावरून गेलं, शिवारात वाट्यानं करणं तोंडी चालूच राहिलं. तोंडी व्यवहाराला चेक कोण देणार? यांनी कुठली बुलेट घेतली ते पाहुण्यांना विचारायचं राहिलंय.

आता ते दोन हजार. ते कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे, महिन्याला. ही योजना 2023 मध्ये सुरू झाली. जमीन जाण्याशी तिचा काही संबंध नाही. रेशन कार्डावर कर्ती म्हणून नाव असलेल्या बाईला, ती किंवा तिचा नवरा आयकर किंवा जीएसटी भरत नसेल तर, ते पैसे मिळतात. दिवसाला सदुसष्ट रुपयेही पडत नाहीत. मजकूर पाठवणाऱ्या पाहुण्यांच्या घरीही ते येतात. 'मग तुम्ही बी बसूनच खाता काय वो?' असं मी विचारलं. त्यांनी उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

कुणी म्हणेल, उद्योग खात्रीत, म्हणजे रोजगार हमीच्या कामावर जावं. ही योजना फक्त ग्रामीण भागाला. वडगाव, अनगोळ महापालिकेत. शेत गेलं, पण पत्ता शहराचा, त्यामुळे जॉब कार्डच निघत नाही. जिथं निघतं तिथंही 2024-25 साली 349 रुपये दरानं शंभर दिवस, तेही पुरे मिळाले तर, घराला वर्षाचे 34,900 होत होते.

राहिलं 'माणूस मिळत नाही'. माझे थोरले काका बावन्नाव्या वर्षी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या दारात उभे राहिले. धूळवाफ पेरणी कधी घालायची, वाफसा आला की नाही, हे ते ढेकूळ हातात घेऊन सांगायचे. तिथं विचारलं, आयटीआय झालंय काय? शेवटी ठेकेदारानं हेल्पर म्हणून घेतलं. पंचविशीतला सुपरवायझर त्यांना 'ए म्हाताऱ्या' म्हणायचा. तेही त्यांनी सोसलं. मग ऑर्डर कमी झाली आणि एका शनिवारी सांगितलं, सोमवारपासून नको. पगारातले आठ दिवस अजून यायचेत. त्यानंतर त्यांना त्याच ठेकेदाराचं पुन्हा बोलावणं आलं तेव्हा ते गेले नाहीत. त्याच्या हिशेबात माणूस मिळाला नाही तो असा.

त्या दिवशी काका घरी बसले होते असंही नाही. गवंड्याच्या हाताखाली वाळू चाळत होते. काकू साडेसहाच्या टेम्पोनं दुसऱ्यांच्या शेतात भांगलणीला जातात. पूर्वी स्वतःच्या बांधावरून त्या इतर बायकांना हाक मारायच्या. आता टेम्पोत जागा मिळावी म्हणून लवकर जाऊन उभ्या राहतात.

पाहुण्यांच्या घराचा स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे आणि त्यांना आठ माणसं हवी आहेत, हे मला त्याच मोबाईलवर कळलं. काकांसकट पाच जण मी सांगून ठेवलेत, उरलेले तिघेही मिळतील. तेवढा पगार किती देणार ते आधी सांगा, आणि हाक मारताना काका म्हणा.