टायमिंग बेल्ट: किलोमीटरआधी वर्षं मोजा

गाडी ८ वर्षांची, चालली जेमतेम ४५,००० किलोमीटर, आणि मालक निर्धास्तपणे सांगतो, "टायमिंग बेल्टला अजून खूप वेळ आहे." असं ऐकलं की मला राहवत नाही. मॅन्युअलमध्ये किलोमीटरचा आकडा असतो, तसा बहुतेक ठिकाणी वर्षांचाही असतो. आणि जे आधी पूर्ण होईल ते धरायचं असतं. कमी चालणाऱ्या गाड्यांचे मालक नेमकं हेच विसरतात.

बेल्ट असतो रबराचा, आत काचेच्या तंतूंची दोरी. इंजिनाची उष्णता आणि वय यांनी रबर कडक होत जातं, मग गाडी उभी असो की पळत असो. बऱ्याच इंजिनांसाठी १ लाख ते दीड लाख किलोमीटर किंवा ५ ते १० वर्षं असा पल्ला दिलेला असतो, काहींना त्याहून कमी. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावू नका, आपल्या इंजिनाचा पाहा. आधी आपल्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन, तेही विचारून घ्या.

हा बेल्ट क्रँकशाफ्ट (पिस्टनना जोडलेला, फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) यांचा मेळ राखतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक. इंजिन ३,००० आरपीएमवर (मिनिटाला ३,००० फेऱ्या) असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. पुष्कळ इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या क्षणी. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, क्रँक मात्र गाडीच्या वेगाने फिरतच राहतो आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावं लागतं, कधी पिस्टनही जातो. बेल्ट दोन-चार दात घसरला तरी हीच गत होऊ शकते. आणि हे सगळं बहुतेक वेळा पूर्वसूचना न देता घडतं. ऑइलचा दाब कमी झाला तर दिवा लागतो. जुन्या झालेल्या बेल्टसाठी बहुतेक गाड्यांत तसं काही नाही.

"कव्हर काढून बघितलं, बेल्ट छान दिसतोय" हेही मला पटत नाही. भेगा पडल्या असतील, कडा विसकटल्या असतील, तेल लागलं असेल तर बदलायचाच. पण आजकालचे बेल्ट ज्या रबराचे असतात ते भेगा न पडताही थकतात, आतली दोरी तर दिसतच नाही. वाईट दिसला तर वाईटच, चांगला दिसला म्हणून चांगला असेलच असं नाही.

आता खर्चाचा मुद्दा, कारण वाद तिथेच होतो. या कामात पैसे जातात ते मुख्यतः मजुरीत. कव्हरं, पुली, कधी इंजिन माउंटसुद्धा काढून तिथपर्यंत पोचायचं असतं. तिथवर गेल्यावर फक्त बेल्ट बदलून जुना टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) तसाच ठेवायचा, ही मला अजिबात न पटणारी काटकसर आहे. जुना टेन्शनर हातात घेऊन बोटाने फिरवून बघा. बेअरिंगमध्ये खरखर लागली, की तो नव्या बेल्टचं काय करेल ते कळतं. बेअरिंग अडकलं तर नवा बेल्टही जातो. म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी पुली) यांचं पूर्ण किट घ्या. वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही बदला, कारण पुढे तो गळला तर सगळं पुन्हा खोलायचं आणि बेल्ट कूलंटने भिजायचा. कॅम आणि क्रँकचे ऑइल सील पाझरत असतील तर तेही याच वेळी.

बसवल्यावर इंजिन स्टार्ट करण्याआधी क्रँक पान्याने, हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून क्रँक आणि कॅमच्या पुलींवरच्या टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात का हे मेकॅनिक बघतो का, हे जरूर विचारा. जो न विचारता करतो, तो मेकॅनिक मी कधी बदलणार नाही.

काही नव्या इंजिनांत बेल्ट तेलातच फिरतो. तिथे ऑइलचा ग्रेड आणि मानक तंतोतंत पाळा. चुकीच्या ऑइलने बेल्ट झिजतो, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि बेल्ट तुटण्याआधीच इंजिनाला तेल कमी पडायला लागतं.

आणि सेकंडहँड गाडी घेताना विकणारा "बेल्ट बदललाय" म्हणाला तर बिल मागा, त्यावर तारीख, किलोमीटर आणि बदललेले पार्ट बघा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि भाव ठरवताना त्या कामाचा खर्च वजा करा.