जावास्क्रिप्ट अडखळत नाही, आपण चुकीची गोष्ट हलवतो

वेब डेव्हलपरांच्या ग्रुपांवर एक मेसेज महिन्या-दोन महिन्यांनी परत उगवतो. शब्द बदलतात, मतलब तोच: पेजवरच्या गोष्टी हलवणारं जावास्क्रिप्टचं ॲनिमेशन नेहमी अडखळतं, सीएसएस (पेजचं रूप ठरवणारी भाषा) जीपीयूवर, म्हणजे चित्रांसाठीच्या वेगळ्या चिपवर, चालतं म्हणून ते नेहमी लोण्यासारखं, शंका आली तर विल-चेंज (हा घटक हलणार आहे, अशी ब्राउझरला आगाऊ सूचना) लावा, लायब्ररीने (दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या तयार कोडने) पेज जड होतं, आता सीएसएसला सगळंच येतं, अगदी अक्षरं एकेक करून आणणंसुद्धा. तेव्हा ॲनिमे.जेएस, जीसॅप, मोशन या ॲनिमेशनच्या लायब्रऱ्या सगळ्या काढून टाका. खाली अंगठ्यांची रांग.

यातलं निम्मं खरं आहे, म्हणूनच तो इतका टिकलाय. उरलेल्या निम्म्याचा हा हिशेब.

"जावास्क्रिप्टचं ॲनिमेशन नेहमी अडखळतं." ही आठवण जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या काळातली आहे आणि त्या काळापुरती ती खोटी नव्हती. जेक्वेरी २००६ साली आली. तिचं ॲनिमेट हे फंक्शन दर १३ मिलिसेकंदांनी वाजणाऱ्या टायमरवर चालायचं. स्क्रीन मात्र सहसा सेकंदाला ६० वेळा रंगवली जाते, म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद. टायमर आणि स्क्रीन यांचा ताल जुळत नसे. एखादी फ्रेम वाया जाई, एखादी चुके. त्यात आपण हलवायचो काय, तर लेफ्ट, टॉप, हाइट, म्हणजे घटकाची जागा आणि उंची. पुढे ब्राउझरांनी रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम दिलं, ज्यात स्क्रीन रंगवायच्या आधी ब्राउझर स्वतःच आपल्याला हाक मारतो. जेक्वेरीनेही २०१६ च्या ३.० आवृत्तीत ते कायमचं स्वीकारलं. आजच्या छोट्या लायब्रऱ्या तर पहिल्या दिवसापासून त्याच तालावर चालतात. जुन्या टायमरचं पाप सगळ्या जावास्क्रिप्टच्या माथी मारणं म्हणजे वडाची साल पिंपळाला.

"सीएसएस जीपीयूवर चालतं." खरी गोम इथे आहे. ब्राउझर एक फ्रेम तयार करताना आधी स्टाइल ठरवतो, मग कोणता डबा कुठे बसेल याचं लेआउट काढतो, मग रंगवतो आणि शेवटी रंगवलेले थर एकमेकांवर रचतो. ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं, लहानमोठं करणं) आणि ओपॅसिटी (पारदर्शकता) बदलली तर सहसा फक्त हे शेवटचं रचण्याचं काम उरतं आणि ते मेन थ्रेडबाहेर, म्हणजे जावास्क्रिप्ट आणि लेआउट ज्या रांगेत चालतात तिच्याबाहेर, थर रचणाऱ्या कंपोझिटरकडे होतं. विड्थ, हाइट, टॉप, मार्जिन बदललं की लेआउटपासून पुन्हा सुरुवात. बॉक्स-शॅडो (डब्याची सावली) बदलली तर लेआउटचं काम टळतं, पण दर फ्रेमला रंगकाम नव्याने. या हिशेबात कुठेही "हुकूम कोणत्या भाषेत आला" असा रकाना नाही.

विश्वास बसत नसेल तर अर्ध्या तासाचा प्रयोग आहे. एका पेजवर चार चौकोन ठेवा. पहिला सीएसएस कीफ्रेम्सने (हालचालीचे टप्पे लिहून) ट्रान्सफॉर्म करून सरकवा. दुसराही कीफ्रेम्सनेच, पण लेफ्ट बदलून. तिसऱ्यासाठी जावास्क्रिप्टमधून ब्राउझरचीच एलिमेंट.ॲनिमेट ही सोय वापरा आणि ट्रान्सफॉर्म हलवा. चौथा रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेमने दर फ्रेमला हाताने सरकवा. आता एक बटण ठेवा, जे दाबल्यावर रिकामं व्हाइल लूप तीन सेकंद मेन थ्रेड अडवून धरेल. बटण दाबा. पहिला आणि तिसरा चौकोन काही घडलंच नाही अशा थाटात सरकत राहतात. दुसरा आणि चौथा जागच्या जागी गोठतात.

म्हणजे एक सीएसएसवाला थांबला आणि एक जावास्क्रिप्टवाला चालत राहिला. मेसेजच्या पहिल्या दोन वाक्यांचा निकाल या एका बटणाने लागतो.

तिसऱ्या चौकोनामागची सोय म्हणजे वेब ॲनिमेशन्स एपीआय. क्रोममध्ये ती २०१४ पासून येऊ लागली, सफारीत २०२० च्या १३.१ आवृत्तीत पोचली, आणि आतून ती सीएसएस ॲनिमेशनचंच इंजिन वापरते. मोशन ही लायब्ररी जिथे जमेल तिथे तिचाच आधार घेते; ॲनिमे.जेएसच्या २०२५ मधल्या चौथ्या आवृत्तीतही तिच्यासाठी वेगळा छोटा भाग आहे. चौथ्या चौकोनाबद्दल मात्र मेसेजवाल्यांची बाजू मान्य करायला हवी: मेन थ्रेड तुंबला की तो अडकणारच, आणि जीसॅपसारख्या लायब्रऱ्या मुख्यतः याच वाटेने चालतात. पण मेन थ्रेड सेकंदभर तुंबत असेल तर तुमच्या पेजला ॲनिमेशनपेक्षा मोठं दुखणं आहे. तिथे बटणंही दाबली जात नसतील.

"शंका आली तर विल-चेंज लावा." हा सल्ला सर्वात महागडा. विल-चेंजने ब्राउझर त्या घटकासाठी आधीच वेगळा थर राखून ठेवतो, आणि थर म्हणजे मेमरी. १०८० बाय २४०० पिक्सेलची स्क्रीन, दर पिक्सेलला ४ बाइट: एका पूर्ण स्क्रीनएवढ्या थराला साधारण १० एमबी. असे दहा थर झाले की शंभर एमबी. स्वस्त फोनवर पेज त्यामुळेच अडखळायला लागतं आणि मग त्यावर उपाय म्हणून आणखी विल-चेंज लावलं जातं. ॲनिमेशन सुरू होण्याआधी लावा, संपल्यावर काढा. सगळ्या कार्डांवर एकदम लावून ठेवू नका.

"लायब्ररीने पेज जड होतं." ॲनिमे.जेएसची तिसरी आवृत्ती जीझिपने दाबल्यावर सुमारे ७ केबी भरते. वरच्या बॅनरचा जेपेग फोटो नीट दाबला नाही तर तो एकटाच याच्या कितीतरी पट असतो, आणि त्याबद्दल ग्रुपवर कोणी चकार शब्द काढत नाही. एका बटणाच्या होव्हरसाठी (माउस वर आल्यावरच्या बदलासाठी) ७ केबीही जास्तच आहेत, हे कबूल. तिथे दोन ओळींचं सीएसएस ट्रान्झिशन लिहा आणि मोकळे व्हा. वजनापेक्षा मला दुसरी गोष्ट खटकते: स्क्रोल केल्यावर मजकूर उगवून दाखवणाऱ्या लायब्रऱ्या तो मजकूर आधी ओपॅसिटी शून्य करून लपवतात. स्क्रिप्ट आलीच नाही तर वाचकाच्या हाती कोरं पान. ही तक्रार मेसेजमध्ये असायला हवी होती, ती नेमकी नाही.

"आता सीएसएसला सगळंच येतं." बरंच येतं, खरंच. स्क्रोलशी बांधलेलं ॲनिमेशन क्रोमच्या ११५ व्या आवृत्तीत २०२३ साली आलं. लिनियर नावाच्या ईझिंगने (वेगाचा चढउतार ठरवणाऱ्या नियमाने) स्प्रिंगची नक्कल करता येते. पण ती नक्कल आधीच छापून ठेवलेली असते. बोटाने कार्ड ओढलं, झटका देऊन सोडलं, तर ते बोटाच्याच वेगाने पुढे जाऊन मग थांबायला हवं. सीएसएसला तो वेग माहीतच नसतो, कुणीतरी तो मोजून द्यावा लागतो. क्रमाचंही तसंच. सहा गोष्टी एकामागून एक आणायच्या म्हणून सहा डिले लिहिता. क्लायंट म्हणतो, दुसरी जरा सावकाश येऊ दे, आणि तुम्ही पुढचे चारही आकडे बदलत बसता. टाइमलाइन असलेल्या लायब्ररीत एक आकडा बदलला की पुढचं सगळं आपोआप सरकतं.

जाता जाता: सीएसएस घेतलं की हालचालीने गरगरणाऱ्या लोकांची काळजी आपोआप घेतली जाते, असंही मेसेजच्या काही आवृत्त्यांत असतं. तसं काही होत नाही. प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन (हालचाल कमी हवी, अशी वाचकाची निवड) ही सेटिंग सीएसएसमध्ये मीडिया क्वेरीने विचारावी लागते आणि जावास्क्रिप्टमध्ये मॅच-मीडियाने. विचारलं नाही तर दोन्हीकडे गरगर सारखीच.

"अक्षरं एकेक करून आणायची? प्रत्येक अक्षराला स्पॅन लावा, सीएसएसने डिले द्या, झालं." स्पॅन, म्हणजे मजकुराच्या तुकड्याभोवतीचा टॅग, लावायचं काम सीएसएस करत नाही, ते जावास्क्रिप्टच करतं, हे एक. आणि मराठीत ते "झालं" होत नाही, हे दुसरं. मजकूर अक्षरागणिक फोडणारी जी एक ओळ सगळीकडून कॉपी केली जाते, ती युनिकोडच्या एकेका चिन्हाला स्पॅनमध्ये टाकते. इंग्रजीत चिन्ह म्हणजे अक्षर. आपल्याकडे "स्वातंत्र्य" या शब्दात चिन्हं ११ आणि अक्षरं ३: स्वा, तं, त्र्य. त्यात ट्रान्सफॉर्म साध्या इनलाइन स्पॅनवर चालत नाही म्हणून त्यांना इनलाइन-ब्लॉक (ओळीतलेच स्वतंत्र डबे) करावं लागतं आणि तुकड्यांमधला उरलासुरला संबंधही तुटतो. मग काना, अनुस्वार आणि हलन्त ठिपक्यांच्या वर्तुळावर बसून स्वतंत्रपणे उड्या मारत येतात. अशी शीर्षकं मी चालू साइटवर पाहिली आहेत.

लायब्ररीचं फोडणारं साधनही डोळे मिटून वापरू नका. आधी त्याला "स्वातंत्र्य" खाऊ घाला. ब्राउझरात मजकुराचे तुकडे पाडणारं इंटल.सेगमेंटर आहे, फायरफॉक्समध्येही एप्रिल २०२४ पासून. पण देवनागरी जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारा ब्राउझर याच शब्दाचे सहा तुकडे करतो: स्, वा, तं, त्, र्, य.

मी मराठी शीर्षक अक्षरागणिक फोडतच नाही. अक्षरं वरखाली झाली की शिरोरेषा तुटते आणि शब्द विसकटलेल्या तोरणासारखा दिसतो. जिथे दोन शब्दांमध्ये जागा आहे तिथेच फोडायचं, अख्खा शब्द ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटीने आणायचा, दोन शब्दांत ६०-८० मिलिसेकंदांचं अंतर ठेवायचं, आणि मूळ वाक्य स्क्रीन रीडरसाठी (मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनासाठी) वेगळं ठेवून तुकडे त्याच्यापासून लपवायचे. याला कोणतीही ७ केबीची लायब्ररी पुरते, आणि हाताने लिहायचं तर वीसेक ओळी.