खुलासा : कोल्ड रूममधल्या वायरीच्या पाइपाला भोकं पाडू नका

रावेर, सावदा, यावल भागात केळीच्या कोल्ड रूमवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘वायरीच्या पाइपातून पाणी टपकत असेल तर पाइपाला खालून भोकं पाडा, पाणी निघून जाईल.’ हा उपाय चुकीचा आहे.

ते पाणी छतातून गळत नाही. बाहेरची दमट हवा पाइपातून आत शिरते आणि थंड भागात तिचं दव धरतं. जुलैत हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर २६ अंशांच्या आसपासच दव सुरू होतं. केळीची खोली असते १३-१४ अंशांवर. मे महिन्यात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला तेच दव १० अंशांच्या आसपास धरतं. म्हणून उन्हाळाभर कोरडा असलेला पाइप पावसाळ्यात टपकतो. मी वायरिंगचं काम करतो, दर पावसाळ्यात हेच बघतो. भोकं पाडली की दमट हवेला नवी वाट मिळते.

पाइप आतून बंद करावा लागतो. मेन स्विच बंद करा. भिंतीलगत, बाहेरच्या उबदार बाजूला असलेल्या जंक्शन बॉक्समध्ये (वायरी जोडायच्या डब्यात) पाइपाचं तोंड न वाळणाऱ्या, फटी बुजवायच्या पुट्टीने भरा, प्रत्येक वायरीच्या भोवती दाबून. पाइपाबाहेर नुसतं सिलिकॉन लावून भागत नाही, हवा आतूनच जाते. वायर नसलेले सुट्टे पाइपही बंद करा, ते हमखास राहतात.

पाणी पॅनलमध्ये उतरलं तर शॉकचा धोका आहे, आत माणसं काम करतात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.