टाकी फुल्ल करण्याआधी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर चार ओळींत आटपेना, म्हणून हे वेगळं लिहितोय.

मागचा लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं, की शिकाऊ पायलटने प्रत्येक उड्डाणाआधी वजन आणि समतोलाचा तक्ता (लोड शीट) स्वतःच्या हाताने भरावा, कालचा पुढे ढकलू नये. त्यावर तुमचं म्हणणं असं: लोहगावची धावपट्टी आठ हजार तीनशे फुटांची आहे, तिच्यावरून सेसना १५२ चार वेळा उडेल. दोन माणसांच्या विमानात समतोल बिघडायला जागाच कुठे आहे? शिवाय कंपन्या दीडपट मार्जिन ठेवतात, पाच-दहा पौंडांनी कुणाचं काही बिघडत नाही. आणि शेवटी, ‘पुस्तकी लोक मुलांना उगाच घाबरवतात, लोड शीट हा निव्वळ कागदी सोपस्कार आहे.’

आधी धावपट्टी घेऊ, कारण तिथे तुमचा हिशोब चोख आहे. १५२चं हँडबुक समुद्रसपाटीला, प्रमाण तापमानाला, जमिनीवरची धाव ७२५ फूट देतं आणि ५० फुटांचा अडथळा ओलांडेपर्यंत १३४० फूट. उंची दोन हजार फूट आणि पारा ४० अंशांवर धरला, तर हा दुसरा आकडा दोन हजारांच्या जवळ जातो. आठ हजार तीनशेत तो चार वेळा बसतो. लोहगाव हवाई दलाचं आहे, तिथे आपल्या पोरांना सर्किट (धावपट्टीभोवती सरावाच्या फेऱ्या) मारायला कोण देतंय हा भाग वेगळा. पण बारामतीलाही १५२ला धावपट्टी अपुरी पडत नाही. तेव्हा जमीन संपायच्या आत विमान उडेल का, या प्रश्नाचं उत्तर ‘उडेल’. त्यावर वाद नाही.

मला काळजी आहे ती चाकं सुटल्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांची. तिथे धावपट्टीच्या लांबीचा उपयोग फारसा होत नाही, हवेचा होतो. लोहगावची उंची १९४२ फूट. या उंचीला प्रमाण तापमान, म्हणजे हिशोबासाठी गृहीत धरलेलं तापमान, ११ अंशांच्या आसपास येतं. मे महिन्यात दुपारी ४० अंश असतात, आणि उन्हाळ्यात हवेचा दाबही उतरलेला असतो. प्रत्येक जादा अंशाला साधारण १२० फूट हा पायलटांचा ठोकताळा लावा, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा जितकी विरळ, त्या हिशोबाने विमानाला जाणवणारी उंची) साडेपाच हजार फुटांच्या घरात जाते. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. विमान उभं आहे पुण्यात, पण पंख आणि इंजिन यांना मिळणारी हवा प्रमाण वातावरणातल्या कळसूबाईच्या माथ्यावरची आहे. डिसेंबरातल्या पहाटे, अकरा-बारा अंशांना, त्याच धावपट्टीवर हा आकडा दोन हजारांच्या आत असतो. त्यामुळे हिवाळ्यातल्या सकाळी सोलो झालेलं, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडालेलं पोर एप्रिल-मेच्या दुपारी ‘आज इंजिन जरा ढिलं वाटतंय’ म्हणतं. इंजिनाला काही झालेलं नसतं.

१५२चा समुद्रसपाटीचा चढण्याचा वेग मिनिटाला ७१५ फूट. साडेपाच हजारांच्या हवेत तो पाचशेच्या खाली येतो, तोही पूर्ण वजनाला, नीट इंजिन आणि कसलेल्या हाताला. आपल्या पश्चिमेला डोंगररांगा आहेत. वारा रांगेवरून पलीकडे उतरतो तिथे मिनिटाला पाचशे फुटांची खालची ओढ ही काही नवलाची गोष्ट नव्हे. मग चढण्यापैकी हातात उरतं काय, ते तुम्हीच सांगा.

दुसरी गोष्ट पोरांना फसवते. विरळ हवेत एअरस्पीड इंडिकेटर, म्हणजे वेगाचा काटा, तोच आकडा दाखवतो, पण विमान जमिनीवरून सुमारे आठ टक्के जास्त वेगाने जात असतं. बाजूचे खांब, गवत, धावपट्टीची कड भराभर मागे पळते. नजर म्हणते, झाला वेग, आता उचल. काटा अजून पोहोचलेला नसतो. हे बोर्डावर कितीही समजावलं तरी पहिल्या कडक दुपारी नजरच जिंकते, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आता दोन माणसांचं विमान. तुम्ही ‘काय मोजायचं’ विचारता, तर मोजूनच दाखवतो. रिकामं वजन ११४० पौंड धरू, आर्म, म्हणजे ठरलेल्या रेषेपासून त्या वजनाचं अंतर, ३० इंच. १५२ला हे वाजवी आहे. इन्स्ट्रक्टर ९२ किलो, विद्यार्थी ८० किलो. दोघेही काही अवाढव्य नव्हेत, कपडे-बूट धरून पुण्यातली खात्यापित्या घरची माणसं. मिळून १७२ किलो, म्हणजे ३७९ पौंड. टाक्या फुल्ल, वापरता येणारं इंधन साडेचोवीस अमेरिकन गॅलन, १४७ पौंड. बेरीज १६६६. मर्यादा १६७०. चार पौंड शिल्लक! आता मागे एक सॅक ठेवा: दोन हेडसेट, हँडबुक, पाण्याच्या बाटल्या, डबा. आठ किलो सहज होतात, १८ पौंड. झाले १६८४. धावपट्टीपर्यंत चालवत नेण्यात (टॅक्सी) आणि इंजिनाच्या तपासणीत (रन-अप) पाचेक पौंड जळाले तरी धावपट्टीच्या टोकाशी विमान नऊ पौंडांनी मर्यादेच्या वर उभं आहे. लठ्ठ माणूस नाही, सामानाची थप्पी नाही, कुणी काही चुकीचं केलेलं नाही. रोजची सॉर्टी, म्हणजे सरावाचं एक उड्डाण, आहे.

तुम्ही म्हणाल, नऊ पौंड म्हणजे काय हो? त्यावर येतोच. आधी सोपस्काराचं बोलू, कारण माझा सगळा मुद्दा तिथे आहे.

लोड शीट सोपस्कार होते, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. बहुतेक ठिकाणी ती सोपस्कारच असते. पण का होते? ती इंधन भरल्यावर भरली जाते म्हणून. आदल्या संध्याकाळी कुणीतरी ‘फुल्ल कर’ म्हणून सांगून जातो. सकाळी विमान तयार, इन्स्ट्रक्टर तयार, पुढच्या सॉर्टीचा मुलगा घड्याळाकडे बघत उभा. त्या वेळी तक्ता १६८४ दाखवायला लागला, तर पोरगं काय करणार? टाकीतून इंधन काढणं ही हँगरमध्ये कुणाच्याही कपाळावर आठ्या आणणारी भानगड. इन्स्ट्रक्टरला ‘सर, तुम्ही उतरा’ म्हणायची सोय नाही. मग विद्यार्थ्याचं वजन ८० ऐवजी ७२ लिहिलं जातं. तक्ता हसतो, सगळे हसतात.

हाच तक्ता आदल्या संध्याकाळी भरा. १५२ तासाला साधारण सहा गॅलन पिते. उद्याची सॉर्टी एका तासाची आहे, तर चार तासांचं इंधन कशाला हवं? तास उड्डाणाचा, वर नियमाप्रमाणे राखीव, शिवाय थोडं मनाच्या समाधानाला, असं धरूनही टाकीत सहा-सात गॅलन कमी चालतात. म्हणजे चाळीस पौंडांच्या आसपास वजन उतरलं. सॅक मागे राहिली तरी चालते, मे महिन्याच्या दुपारी चढायलाही जरा जोर मिळतो. रात्रभर अर्ध्या टाकीत ओल धरते म्हणून टाकी भरून ठेवायची पद्धत आहे, हे मला माहीत आहे. तिच्यात तथ्यही आहे. पण सकाळी ड्रेन करून पाणी तपासायचंच असतं. आणि दमट रात्रीची भीती मे महिन्यात बारामतीला किती बाळगायची, हे तुम्हीच ठरवा. सांगायचं इतकंच, की हा निर्णय बाउझर, म्हणजे इंधनाचा टँकर, येण्याआधीचा आहे. बाउझर गेल्यावर उरते ती फक्त सही.

त्यात एककांचा घोळ आहे तो वेगळाच. माणसं किलोत, बाउझर लिटरमध्ये, डिपस्टिक गॅलनमध्ये, हँडबुक पौंडात. फुल्ल म्हणजे किती लिटर, विचारा एखाद्याला. साडेचोवीस गॅलन म्हणजे जेमतेम ९३ लिटर. एखादा इंग्लिश गॅलनचा गुणाकार करून ११० सांगतो आणि त्याला काही खटकतही नाही.

समतोलाबद्दल. १५२मध्ये तो सहजासहजी बिघडत नाही, मान्य. वरच्याच आकड्यांत, सॅक नसताना, सीजी (गुरुत्वमध्य) ३३.१ इंचांवर येतो. इन्स्ट्रक्टर उतरला आणि विद्यार्थी एकटा निघाला, की तो ३२.३वर सरकतो, पाऊण इंचापेक्षा थोडा जास्त पुढे. दोन्ही मर्यादेत. पण सोलोच्या दिवशी पोराला जे जाणवतं, म्हणजे विमान झपकन उठतं आणि उतरताना तरंगत राहतं, त्याचा हिशोब त्याने आदल्या दिवशी कागदावर पाहिलेला असला तर तो गांगरत नाही. आणि एक उलटं वाटणारं: विमान हलकं झालं की मॅन्यूव्हरिंग स्पीड, म्हणजे धक्क्यांच्या हवेत ज्याच्या वर जाऊ नये तो वेग, कमी होतो. १६७० पौंडांना १०४ नॉट, १३५० पौंडांना ९३. हलकं विमान धक्क्यांत जास्त वेगाने नेता येतं असं पक्कं डोक्यात घेऊन बसलेले चांगले चांगले विद्यार्थी मी पाहतो.

बिघडायला जागा कुठे, विचारलंत ना? सीटच्या मागे आहे. १५२मध्ये स्पिन (गरगरत खाली येणं) करायला परवानगी आहे, पण मागे सामान ठेवून नाही. हँडबुकातच तसं लिहिलंय. आपल्याकडे गाडी भरताना माल मागे जास्त गेला की ती उलाळ होते, जू वर उठतं आणि बैलांच्या मानेवर भार राहत नाही. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. विमानात सीजी मागे गेला की स्टिक हलकी लागते, लाडात आल्यासारखं विमान ऐकतं, थोडं वेगवानही जातं. नवशिक्याला ते आवडतं. नाक खाली आणायची वेळ आली की मग एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पात्याचा) हात अपुरा पडतो, आणि स्पिनमधून बाहेर येणं अवघड होत जातं.

पोरं १५२वर थांबतही नाहीत. पुढे १७२ येतं. चार खुर्च्या, ५३ गॅलन, १२० पौंड सामान, सगळं कागदावर छापलेलं. १७२एसचं रिकामं वजन १६६० धरलं, चारही माणसं पुस्तकातल्या १७० पौंडांची धरली आणि सगळं भरलं, तर बेरीज २७७८ येते. मर्यादा २५५०. सव्वादोनशे पौंडांहून जास्त! चौथी खुर्ची, भरलेली टाकी आणि भरलेला सामानाचा कप्पा एकाच वेळी वापरता येत नाहीत, हे ज्याने १५२वर चार पौंडांसाठी डोकं खाजवलंय त्याला लगेच कळतं. ज्याने नेहमी कालचीच शीट उतरवली, तो मित्रांना घेऊन निघायच्या दिवशी शिकायला बसणार का?

आता दीडपट मार्जिन. १५२ युटिलिटी गटात आहे, ४.४ जी, म्हणजे वजनाच्या ४.४ पट भार ही तिची मर्यादा. त्यावर दीडपट गुणक आहे, बरोबर. नऊ पौंडांनी पंख तुटणार नाही, हे मी लेखी देतो. पण तो दीडपट गुणक धातूतल्या दोषासाठी, अनपेक्षित झोतासाठी, इंजिनिअरच्या अज्ञानासाठी आधीच खर्ची पडलेला आहे. आपल्याला उधार द्यायला ठेवलेला नाही. शिवाय छोट्या विमानाची वजनमर्यादा पंखाच्या ताकदीवरच ठरते असं नाही. चढण, स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत), चाकांचा सांगाडा, सगळं तिच्यात येतं. वजन दहा टक्के वाढलं की टेक-ऑफचं अंतर साधारण वीस टक्के वाढतं, स्टॉलचा वेग पाच टक्के. आणि हँडबुकातल्या तक्त्यात १६७०च्या पुढे रकानाच नाही. त्या पलीकडे काय होतं, ते शोधायचं काम टेस्ट पायलटचं आहे, त्याला त्याचे पैसे मिळतात.

वजन-समतोल मोजणाऱ्या अॅपबद्दलही तुम्ही एका ओळीत टोमणा मारलात. अॅप वापरा की! मीही वापरतो. फक्त त्यात भरलेलं रिकामं वजन याच रजिस्ट्रेशनचं आहे ना, ते बघा. दोन १५२ शेजारी उभ्या असल्या तरी दोघींचा वजनाचा अहवाल वेगळा असतो. रेडिओ बदलला, रंग दिला, की पुन्हा वेगळा.

आणि ‘कागदावर बसलं की बसलं’ याबद्दल एक सांगतो, कारण तुम्ही घाबरवण्याचा विषय काढलात. ८ जानेवारी २००३ला अमेरिकेत शार्लटहून उडालेलं एअर मिडवेस्टचं बीच १९००डी टेक-ऑफनंतर लगेच पडलं. २१ जण गेले, एकही वाचला नाही. एलिव्हेटरच्या केबलची दुरुस्ती चुकली होती, हे मुख्य. पण त्याच्या जोडीला विमानाचा सीजी मर्यादेच्या बराच मागे होता. तक्ता मात्र मर्यादेत होता. कारण तक्त्यात ठरवून दिलेली सरासरी वजनं होती आणि खुर्च्यांवर खरी माणसं होती, सरासरीपेक्षा जड. त्यानंतर अमेरिकेत ती सरासरी वाढवावी लागली. कुणी खोटं लिहिलं नव्हतं, नियमाने लिहिलं होतं. आपण तर ८०चे ७२ करतो.

हे सांगून मुलं घाबरतात, असा माझा अनुभव नाही. ती घाबरतात ती विमान अनपेक्षित वागल्यावर.

तुम्ही शेवटी विचारलंत, तुमच्या क्लासातली मुलं तरी हे करतात का? सगळी नाही. सुट्टीत घरी आलेली मुलं भेटायला येतात तेव्हा मी विचारतो, काल टाकी किती होती? ‘फुल्ल’ असं उत्तर आलं की पुढचा अर्धा तास त्याचा जातो. कुणी ‘सतरा गॅलन, कारण सर जरा तब्येतीने आहेत’ म्हणालं, की चहा माझ्याकडून. तुम्ही एखाद्या शनिवारी पुण्यात असाल तर बॅचसमोर हाच वाद घालायला या. तुमच्या वेळच्या सॉर्टींचे तक्ते जपून ठेवले असतील तर तेही आणा, बोर्डावर मांडून बघू.