घोषणेनं नाही, पासबुकानं जिंकलं

एका लेखात म्हटलंय की २०२४ च्या विधानसभेला मराठवाड्यात भाजपला 'एक है तो सेफ है' या हिंदू एकजुटीच्या घोषणेनं तारलं, आणि जिल्हा परिषदेलाही तोच सूर लावावा. पटत नाही. त्याच वर्षी लोकसभेला जालना, बीड, लातूर, नांदेड या चारही जागा पक्षानं गमावल्या होत्या. रावसाहेब दानवे पडले, पंकजाताई पडल्या. अवघ्या सहा महिन्यांत हवा फिरली ती नुसत्या भाषणांनी?

आमच्या लातूर भागात तेव्हा बँकेसमोर बायांची रांग असायची, 'लाडकी बहीण' योजनेसाठी आधार जोडायला. दीड हजार जमा झाले की पासबुक शेजारणीला दाखवायच्या. पन्नाप्रमुख (मतदारयादीचं एक पान सांभाळणारा पक्षाचा कार्यकर्ता) यादी घेऊन दारात यायचा तेव्हा पहिला प्रश्न एकच, "काकू, हप्ता पडला का?" राम मंदिर, कलम ३७० वगैरे नंतर. खरा प्रचार तो होता. (संघाची मंडळीही घरोघर फिरली, पण गाजावाजा न करता.)

आता अडचण सोयाबीनची आहे. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना अडतीवर चार-सव्वाचार हजारांनी माल गेला, आणि ६,००० देऊ हे तर त्याच प्रचारात सांगितलेलं. मराठा आरक्षणाची नाराजीही मिटलेली नाही; 'माधव'ची (माळी, धनगर, वंजारी या ओबीसी समाजांची) जुळणी घट्ट करायला गेलं की ती उलट वाढते. त्यात गट-गणाच्या (जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या) निवडणुकीत माणूस आधी भावकी बघतो, मग चिन्ह. बाहेरून आलेल्यांना तिकीट आणि जुन्या कार्यकर्त्याला सतरंज्या, हे चाललं तर बूथवर बसायला माणूस मिळणार नाही.