चढणीला गाडी दम सोडते : तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

चढणीला पिकअप मिळत नाही म्हणून तुम्ही एसयूव्ही आणलीत. आम्ही डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ केला, त्याचा प्रेशर सेन्सर बदलला, पैसे घेतले आणि आठ दिवसांत गाडी पुन्हा लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे इंजिनने स्वतःला वाचवायला जोर कमी केला. शिवाय वळताना झटके बसतात म्हणालात, तर आमच्या माणसाने "चालवा, होईल सेट" म्हणून वाटेला लावलं. तुम्ही लिहिलेलं हे सगळं खरं आहे. त्या "होईल सेट"ची मला फार लाज वाटते. ऐन ओव्हरटेकमध्ये गाडीचा जोर गेला तर घरच्यांच्या जिवावर बेतू शकतं. मी मनापासून माफी मागतो.

परवा तुम्ही गाडी परत आणून दिलीत, तेव्हा मी स्वतः बघितली. उभ्या गाडीवर स्कॅनरला काही सापडेना. मग तुम्हाला शेजारी बसवून चढणीवर नेली आणि तिथे दिसलं, की इंजिन टर्बोकडून, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याकडून, जेवढं प्रेशर मागतंय तेवढं मिळतच नाही. ही दाबलेली हवा थंड करतो तो इंटरकूलर, त्याचा होज (रबरी पाइप) उतरवला. वरून धडधाकट. उलटा केला तर क्लॅम्पजवळ बोटाच्या पेराएवढी चीर आणि भोवती काळं, ओलं तेल. उभ्या गाडीत ती मिटलेली असते, लोड आला की उघडते.

आता मागचं सगळं जुळतं. दाबलेली हवा वाटेतच निसटते, डिझेल पुरतं जळत नाही, काजळी वाढते आणि ती डीपीएफमध्ये जाऊन बसते. डीपीएफ भरला होताच, पण तो का भरला हे आम्ही विचारलंच नाही. स्कॅनरवर बिघाडाचा कोड वाचला आणि थांबलो. चूक ती.

एका बाबतीत मात्र मला तुमचं म्हणणं पटत नाही. गिअरबॉक्स आम्ही बिघडवलेला नाही, तो व्यवस्थित आहे. झटके ट्रान्सफर केसमधून, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणाऱ्या भागातून येतात. पुढचे दोन टायर नवे आहेत, मागचे जुने, आणि नक्षीच्या खोलीत 3 मिमीचा फरक आहे. एवढ्या मोठ्या चाकाला हा फरक दर किलोमीटरला तीन-साडेतीन फेऱ्यांचा पडतो. तो ट्रान्सफर केसमधला क्लच सतत घसरत झेलतो, त्याचं तेल तापून करपतं. टायर तुम्ही बाहेर बदललेत. पण गाडी आमच्या लिफ्टवर दोनदा चढली आणि कोणी नक्षीची खोली मोजायचा गेज लावला नाही, हेही तितकंच खरं.

होज नवा बसवलाय, ट्रान्सफर केसचं तेल बदललंय. या कामाचे पैसे घेणार नाही, सेन्सरचेही परत करतोय. टायर मात्र चारही सारखे करून घ्या, नाहीतर क्लच जाईल. गाडी न्यायला याल तेव्हा सामान आणि घरची माणसं घेऊन या. त्याच चढणीवर तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. तुमचं समाधान झालं तरच गाडी न्या.