सर, एकच विचारायचं होतं

पहाटे ४.१० ला मेसेज आला, 'सर, जागे आहात का?' मी नव्हतो. आता झालो.

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ या शर्यतीला पंधरा दिवस उरले की माझा धंदा बदलतो. वर्षभर मी कोच असतो, शेवटच्या पंधरवड्यात कळा देणाऱ्या अकरा जणांची एकटी सुईण. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल मारायची, मग २१.१ किलोमीटर धावायचं, मिळून ७०.३ मैल. हे सगळं सलग, उन्हात, आणि पदरचे पैसे भरून. एवढं करायला तयार असलेली माणसं एका गोष्टीला मात्र बिलकूल तयार नसतात. आराम.

या काळाला टेपर म्हणतात. सराव निम्म्यावर आणायचा, म्हणजे महिनोन्‌महिने शिणलेलं शरीर भरून येतं. मी सांगितलं, 'मंगळवारी सुट्टी.' मंगळवारी संध्याकाळी आमचे वकीलसाहेब पन्हाळ्याच्या चढावर सायकल मारताना सापडले. 'सर, सुट्टीच होती की, म्हणून तर वेळ मिळाला!' कोर्टात हे काय करत असतील, याची मला कल्पना आली.

बरं, शरीर रिकामं बसलं की नको तिथे बोलायला लागतं. आमच्यात एक हाडांचे डॉक्टर आहेत. निम्मं कोल्हापूर त्यांच्याकडे गुडघे दाखवायला जातं. टेपरच्या पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे मला पाठवला. 'सर, बघता का जरा?' मी शारीरिक शिक्षणाचा पदवीधर. दोन मिनिटं फोन उलटासुलटा करून 'काही नाही, मनाचे खेळ' असं लिहिलं, तेव्हा त्यांचं दुखणं थांबलं.

मग वजन. शरीरात साठणारं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, सोबत तिप्पट पाणी धरून ठेवतं. त्यामुळे या दिवसांत काटा किलो-दीड किलो वर जातो आणि ते चांगलंच असतं. हे मी ग्रुपवर चार वेळा लिहिलंय. बँकेतल्या मॅडमनी सोडून कुणीही ते वाचलेलं नाही. बाकीचे रोज सकाळी वजनकाट्याचा फोटो टाकतात आणि खाली रडका चेहरा.

शेवटच्या दोन दिवसांत पिष्टमय पदार्थ भरपूर खायचे, सत्तर किलोच्या माणसाने दिवसाला सहाएकशे ग्रॅमपर्यंत. चोथा आणि तिखट कमी, म्हणजे मिसळ बंद. यावर ग्रुपवर शोकसभा झाली. डॉक्टरांच्या आईंनी मात्र थेट मला फोन केला. 'अहो सर, सहा वर्षं झाली, हा भाताला शिवत नव्हता. आता तुम्हीच खा म्हणताय, तर नक्की किती वाढू?' मी म्हटलं, 'पोटभर वाढा, आई.' त्या सद्गदित झाल्या. माझ्या आख्ख्या कारकिर्दीत इतका कृतज्ञ आवाज मी ऐकलेला नाही.

एक चूक मात्र माझीच. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली. जॉन डनबार धावायला लागला तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता, पण त्याच्या सोबत्यांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. शर्यत गॉर्डन हॉलर जिंकला. पाण्याचं महत्त्व पटावं म्हणून ही गोष्ट मी सांगितली. पोरांनी त्यातून एवढंच घेतलं, 'म्हणजे बिअर पिऊनही दुसरा नंबर येतो!' आणि जायचं होतं गोव्याला.

आजरा, आंबोली, सावंतवाडी असे आम्ही निघालो. टपावरच्या सायकली घट्ट आहेत का हे बघायला वकीलसाहेबांनी घाटात सहा वेळा गाडी थांबवली. पणजीत पोचल्यावर आमचे बिल्डर हळूच म्हणाले, 'सर, रागावणार नसाल तर सायकलला सीट दुसरं बसवलंय.' शर्यतीच्या दिवशी काहीही नवीन नको, हा माझा पहिला नियम. नव्या सीटवर ९० किलोमीटर बसलेला माणूस पुढचे चार दिवस उभ्यानेच जेवतो. 'नवीन कुठाय सर? सेलमध्ये घेतलंय.'

आदल्या संध्याकाळी मिरामारला पाण्यात उतरलो. आमचा सराव राजाराम तलावातला. तिथे लाट म्हणजे म्हैस उतरली तर. 'सर, तळ दिसत नाही हो!' बिल्डर ओरडले. राजाराममध्ये कधी दिसला होता, हे मी विचारलं नाही. रात्री साडेनऊला सगळ्यांना झोपायला पाठवलं. दहा वाजता दारावर टकटक. साडेदहाला पुन्हा. 'एकच विचारायचं होतं, झोप नाही आली तर?' तिसऱ्याला मी माझी उशी देऊन टाकली.

पहाटे अंधारात मिरामारची वाळू माणसांनी भरली. अकरा जणांनी आपापल्या चपला, चष्मे, अंगठ्या आणि फोन माझ्या पिशवीत टाकले, देवाला नमस्कार केला आणि पाण्याकडे निघाले. मॅडम तेवढ्या मागे वळून म्हणाल्या, 'सर, तुम्ही काही खाल्लंत का?' पंधरा दिवसांत माझ्या काळजीने विचारलेला हा पहिला प्रश्न.

टोप्या लाटांत दिसेनाशा झाल्या. एकदम शांत. कुणाला काही विचारायचं नव्हतं. मलाच करमेना. वाळूवर उगीच येरझारा घातल्या. तेवढ्यात पिशवीत एक फोन वाजला. डॉक्टरांचा. वर लिहिलं होतं, 'आई'.

'बाळा, भात खाल्लास ना?'

'हो,' मी म्हणालो.